पंप पुढे की मागे? : १९७० च्या शेव्हेलच्या गॅरेज-नोंदी

गाडी : १९७० ची शेव्हरोले शेव्हेल मालिबू, दोन दारी. इंजिन ३५० क्यूबिक इंचाचं व्ही-८. मुळात दोन बॅरलचा कार्बोरेटर आणि २५० हॉर्सपॉवर. आधीच्या मालकाने ॲल्युमिनियमचा मॅनिफोल्ड बसवून वर एडलब्रॉकचा ६०० सीएफएमचा (मिनिटाला ६०० घनफूट हवा घेणारा) चार बॅरलचा कार्ब चढवला. पुढे जाळीवर ‘एसएस’चा, म्हणजे याच गाडीच्या ‘सुपर स्पोर्ट’ या जोरदार प्रकाराचा बिल्ला आहे, तो खोटा. कोणी विचारायच्या आत मीच सांगून टाकतो.

जागा : डेट्रॉइटच्या उत्तरेला ट्रॉय, घराचं गॅरेज.

मुदत : ऑगस्टचा तिसरा शनिवार. वुडवर्ड ड्रीम क्रूझ, म्हणजे वुडवर्ड रस्त्यावरची जुन्या गाड्यांची वार्षिक फेरी.

८ जून, शनिवार

मेपल रोडच्या सिग्नलला गाडी पुन्हा बंद पडली. या मोसमातली तिसरी वेळ. लक्षणं तीच : ऊन, सिग्नलला लांब रांग, आयडलवर इंजिन आधी खोकतं, मग दोन झटके आणि गप्प. सेल्फ मारत राहिलो तर बॅटरी उतरते, गाडी काही उठत नाही. बॉनेट उघडून वीस मिनिटं उभा राहिलो की पहिल्या सेल्फला चालू, जसं काही झालंच नव्हतं.

शेजारच्या पिकअपमधल्या माणसाने काच खाली करून सल्ला दिला, इंजिनावरचा पेट्रोलचा मेकॅनिकल पंप काढ, मागे टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप टाक. गेल्या महिन्यातला हा पाचवा माणूस. रात्री चिडून हॉलीचा लाल पंप मागवून टाकला. ‘लाल’ हे त्याचं रोजच्या बोलण्यातलं नाव.

९ जून, रविवार

सकाळी पुण्याला फोन. बाबांना सगळं सांगितलं. त्यांचा पहिला प्रश्न : “पंपाला हात लावून बघितलास का? चटका बसला का?” नव्हता लावला.

मग खंबाटकीचा घाट निघालाच. आमची प्रीमियर पद्मिनी, मे महिना, आई पुढे, आम्ही दोघं मागे. चढणीवर गाडी बसली की बाबा डिकीतून पंचा काढायचे, फिरकीच्या तांब्यातल्या पाण्यात भिजवायचे आणि पेट्रोल पंपावर गुंडाळायचे. वाफ निघायची. पाचेक मिनिटांनी गाडी चालू. लहानपणी मला वाटायचं की गाडीला ताप आलाय आणि बाबा कपाळावर पट्टी ठेवताहेत.

संध्याकाळी शेजारचे आजोबा कुंपणापाशी भेटले. गाड्यांच्या कारखान्यात आयुष्य काढून निवृत्त झालेले. त्यांच्याकडचा उपाय : पेट्रोलच्या नळीवर कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावायचे. इथल्या जुन्या गाड्यांच्या बॉनेटखाली आजही असे चिमटे दिसतात. पाणी उडून जाताना उष्णता घेऊन जातं, त्यामुळे ओल्या पंच्याला काहीतरी अर्थ आहे. चिमट्यांनी काय होतं ते आजोबांनाही सांगता येईना. “लावायचे म्हणून लावायचे,” म्हणाले.

१५ जून, शनिवार

खोकं आलं. लाल पंप हातात घेतला की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं, वजन आहे. मोकळ्या नळीत ताशी ९७ गॅलन, जास्तीत जास्त ७ पीएसआय. निळा घेतला असता तर १४ पीएसआयपर्यंत दाब, म्हणजे वेगळा रेग्युलेटर बसवणं आलं. माझ्या कार्बला साडेपाच पीएसआय आवडतो, साडेसहाच्या वर गेलं की फ्लोटची सुई, म्हणजे कार्ब भरल्यावर पेट्रोल अडवणारी झडप, उचलली जाऊन पेट्रोल ओसंडतं. म्हणजे लालच्या बाबतीतही काठावरचं काम.

खोकं उघडण्याआधी जे करायला हवं होतं ते आता केलं, हिशोब. कार्बवालं इंजिन पूर्ण जोरात असताना दर हॉर्सपॉवरला ताशी साधारण अर्धा पौंड पेट्रोल खातं. माझं इंजिन आता फार तर २७० चं धरू. म्हणजे १३५ पौंड. गॅलनला सहा पौंड धरले तर ताशी साडेबावीस गॅलन. तेही पॅडल पूर्ण दाबून धरल्यावर, तासभर. दुकानात मिळणारा साधा मेकॅनिकल पंप ताशी चाळीसच्या आसपास देतो.

तर मग भूक २२ ची, ताटात ४० वाढलेले, आणि तरी गाडी उपाशी मरते, ती का?

२२ जून, शनिवार

आजोबा आले ते गेज घेऊनच. आधी मोजायचं, मग पाना उचलायचा, हा त्यांचा नियम. मी विकत आधी घेतो आणि मोजतो नंतर.

दाब : कार्बच्या तोंडाशी टी लावून आयडलवर ५.५ पीएसआय. उत्तम. मी म्हटलं, पंप तर ठणठणीत आहे. ते म्हणाले, दाब नको सांगू, भर सांग, म्हणजे किती पेट्रोल येतं ते.

कार्बकडे जाणारी नळी सोडवून बाटलीत घातली, इंजिन कार्बमध्ये उरलेल्या पेट्रोलवर आयडलला चालू, घड्याळ लावलं. तीस सेकंदांत एक पिंट, म्हणजे पावणेपाचशे मिली तरी यायला हवं. आलं तीनशे. आणि धार सलग नव्हती, बुडबुडे घेऊन येत होती, नळाला पाणी येण्याआधी तो फुसफुसतो तशी. (अग्निशामक शेजारी ठेवला होता. हे काम गरम मॅनिफोल्डजवळ करू नये. आम्ही थंड इंजिनावर केलं.)

हा पंप कसा चालतो ते आज पहिल्यांदा नीट डोक्यात शिरलं. कॅमशाफ्टच्या पुढच्या टोकाला एक विकेंद्री लोब असतो. तो एका दांडीला ढकलतो, दांडी पंपाच्या तरफेला, तरफ डायफ्रामला, म्हणजे पंपातल्या लवचीक पडद्याला ओढते आणि टाकीतून पेट्रोल खेचलं जातं. इंजिनाचं काम इथे संपतं. पुढे पेट्रोल कार्बकडे ढकलते ती डायफ्रामखालची स्प्रिंग. म्हणून दाब इंजिनाच्या वेगावर नाही, स्प्रिंगवर ठरतो. कार्ब भरला, सुई बंद झाली, की स्प्रिंग दबलेली राहते आणि तरफ नुसती हलत राहते. रेग्युलेटर नाही, रिले नाही, फ्यूज नाही. इंजिन थांबलं की पेट्रोल आपोआप थांबलं. ज्याने हे पहिल्यांदा जमवलं त्याला साष्टांग नमस्कार.

त्यामुळेच आयडलला दाब बरोबर दिसतो आणि तरी भर कमी असू शकतो. स्प्रिंग ठीक आहे; तिला ढकलायला पुरेसं पेट्रोल मिळत नाही.

२३ जून, रविवार

पंपाच्या ओढीकडची नळी काढली, तिच्या जागी दुसरी लावली आणि पंपाशेजारी ठेवलेल्या पेट्रोलच्या कॅनमध्ये सोडली. पुन्हा तीस सेकंद. ५२० मिली, सलग धार, एकही बुडबुडा नाही.

पंप निर्दोष. चोर मागे कुठेतरी आहे.

२९ जून, शनिवार

मागे नव्हता, पुढेच होता. चेसीच्या लोखंडी नळीपासून पंपापर्यंत वीतभर रबरी नळी आहे, इंग्रजी ‘एस’सारखी वळलेली. वरून बघताना छान काळीभोर. ती काढून बोटांनी वाकवली तर आतल्या वळणाला केसाएवढी भेग उघडली, वाकवणं सोडलं की मिटली. क्लॅम्प इतका आवळलेला की रबर चिरलंय. नळीवरची छपाई पुसटशी, पण ‘३०आर७’ हा पेट्रोलच्या नळीचा जुना दर्जा वाचता येत होता. दहा टक्के इथेनॉलच्या आजच्या पेट्रोलात जुनं रबर असं आतून वाळत जातं.

गंमत अशी की इथून पेट्रोल गळत नव्हतं. ही ओढीची बाजू. पंप खेचताना भेगेतून पेट्रोल बाहेर यायच्या ऐवजी हवा आत जात होती. म्हणूनच डाग नाही. गॅरेजमध्ये सकाळी थोडा वास यायचा तेवढाच, आणि तो वास मी जुन्या गाडीचा म्हणून कौतुकाने घेत होतो.

आता हे लिहिताना पोटात गोळा येतोय. लाल पंप मागे टाकीजवळ बसवून ही जुनी लाइन तशीच ठेवायचा माझा बेत होता. मग हीच नळी ओढीच्या बाजूची न राहता दाबाच्या बाजूची झाली असती. सहा-सात पीएसआय, केसाएवढी भेग, आणि वीतभर अंतरावर एक्झॉस्टचा पाइप. आत हवा घेणारी भेग बाहेर पेट्रोलचा फवारा मारू लागली असती.

नवी नळी ‘३०आर९’ या वरच्या दर्जाची घातली. गाडीतल्या सगळ्याच रबरी नळ्या बदलल्या, पाच तुकडे. स्क्रूचे क्लॅम्प फेकून गोल पट्टीचे लावले.

६ जुलै, शनिवार

पन्नास मैल फिरवली. चालत्या गाडीत एकही झटका नाही. आनंदात किराणा दुकानापाशी थांबलो, कोथिंबीर-मिरची घेऊन पंधरा मिनिटांत परत, आणि सेल्फला उठेना.

पण हा आजार वेगळा. या वेळी पेट्रोलचा भपकारा येत होता. पॅडल पूर्ण दाबून धरलं आणि सेल्फ मारला, तर काळा धूर सोडून चालू झाली. म्हणजे पेट्रोल कमी नव्हतं, जास्त होतं. इंजिन बंद केल्यावर पंखा थांबतो, मॅनिफोल्डची सगळी धग वर कार्बला लागते, कार्बमधलं पेट्रोल उकळून घशात सांडतं. याला जगातला कोणताही पंप औषध नाही, पुढचा नाही, मागचा नाही. कार्बखाली धग अडवायला अर्ध्या इंचाचा फेनॉलिकचा स्पेसर मागवला. शिवाय टाकीत एप्रिलमध्ये भरलेलं पेट्रोल अजून शिल्लक होतं. हिवाळ्याचं पेट्रोल मुद्दाम लवकर उडणारं बनवतात, म्हणजे थंडीत गाडी उठते. ते मी जुलैत जाळत होतो.

दोन आजार एकाच नावाखाली घालून बसलो होतो. सगळ्याला आपलं ‘वेपर लॉक’, म्हणजे नळीत पेट्रोलची वाफ होऊन वाट अडणं.

१३ जुलै, शनिवार

निर्णयाचा दिवस. ही म्हणाली, पेट्रोल पंपावर एवढी चर्चा आपण घर घेताना केली नव्हती.

इलेक्ट्रिकच्या बाजूने जे खरं आहे ते आधी. पुढचा पंप बारा-तेरा फुटांवरून पेट्रोल खेचतो. खेचणं म्हणजे नळीतला दाब कमी करणं, आणि दाब कमी झाला की द्रव लवकर उकळतो. कुकरच्या बरोब्बर उलटा प्रकार. पेट्रोलातले हलके घटक तसेही चाळीस अंशांच्या आसपास उकळू लागतात. वर सिग्नलच्या रांगेत बॉनेटखालची भट्टी. मागचा पंप हेच पेट्रोल ढकलतो, सगळी लाइन दाबाखाली राहते, उकळबिंदू वर जातो. याला तोड नाही. शिवाय दोन महिने उभी राहिलेली गाडी किल्ली फिरवताच कार्ब भरून घेते. मेकॅनिकलला मिनिटभर सेल्फ मारावा लागतो.

पण त्याचं बाकीचं लटांबर. टाकीच्या तळाच्या पातळीला किंवा खालीच बसवायला हवा, कारण हे पंप ढकलायला पटाईत, खेचायला कच्चे. आधी एक गाळणी, नंतर एक. बॅटरीपासून मागेपर्यंत जाड वायर, फ्यूज, रिले. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ऑइलच्या दाबावर चालणारा स्विच, म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही बंद. जोडीला धक्का बसला की तुटणारा स्विच. हे दोन न लावता नुसती किल्लीवरून वायर ओढलेल्या गाड्या मी इथे पाहिल्या आहेत. अपघातात नळी तुटली आणि किल्ली चालूच राहिली, तर तो पंप इमानदारीत टाकी रस्त्यावर रिकामी करेल.

माझ्या गाडीला लागतं ताशी २२ गॅलन. तेवढ्यासाठी एवढं सगळं?

मधला रस्ता जनरल मोटर्सनेच काढून ठेवलाय. एसी असलेल्या बऱ्याच गाड्यांना कारखान्यातूनच तीन तोंडांचा पंप असे. तिसऱ्या तोंडातून थोडं पेट्रोल आणि जमलेली वाफ बारीक नळीने टाकीत परत जाते. रांगेत उभं असतानाही पेट्रोल फिरतं राहतं, थंड राहतं, वाफेला वाट मिळते. माझ्या गाडीला एसी नव्हता, म्हणून ती नळी नाही. बसवायची.

ठरलं. पंप पुढेच राहील. तीन तोंडांचा पंप, पाव इंची परतीची नळी, आणि टाकीत दोन नळ्यांचा नवा सेंडर (पेट्रोल उचलणारा आणि पातळी मोजणारा भाग).

१४ जुलै, रविवार

टाकी उतरवली. दोन पट्टे, दोन बोल्ट. एक बोल्ट सुटला, दुसरा गंजून एकजीव. गंजावर मारायचं तेल, तापवणं, शिव्या, शेवटी करवत. आत पाच गॅलन पेट्रोल आहे हे विसरून टाकी पोटावर घेतली. मुलगी वरून टॉर्च धरून होती : “बाबा, तुझा आवाज का असा येतोय?”

सेंडरच्या टोकाची जाळीची पिशवी बाहेर काढली तर तपकिरी, चिकट, काकवीत बुडवून वाळवल्यासारखी. भर कमी पडण्यात हिचाही हात असणार. नवा सेंडर, नवी पिशवी, नवा वायसर. सेंडरच्या ग्राउंडची वायर घासून लखलखीत केली, नाहीतर काटा कायम ‘भरलेली’ दाखवतो.

२० जुलै, शनिवार

पंप बदलला. काम अर्ध्या तासाचं, लागले चार तास, सगळे त्या दांडीपायी.

जुना पंप सोडवला की दांडी आपल्या वजनाने खाली घसरते आणि नव्या पंपाच्या तरफेच्या आड येते. एका हाताने पंप, दुसऱ्याने दांडी, तिसऱ्याने बोल्ट. माणसाला दोनच. घट्ट ग्रीस लावून चिकटवून पाहिली. इंजिन कोमट होतं, ग्रीस पातळ होऊन दांडी कपाळावर.

आजोबांची युक्ती : ब्लॉकच्या पुढच्या अंगाला, पंपाच्या बाजूलाच, एक आखूड बोल्ट आहे. त्याचं भोक थेट दांडीच्या नळीत उघडतं. तो काढायचा, त्याच आट्यांचा लांब बोल्ट बोटांनी फिरवत आत न्यायचा, दांडी वर धरून त्याने अडकवायची. पाना लावायचा नाही, दांडीवर व्रण पडतो. पंप बसला की लांब काढून आखूड परत, आट्यांना सीलर लावून, नाहीतर तिथून ऑइल झिरपतं. हे त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं. तीन तास आधी सांगितलं असतं तर बरं झालं असतं, पण ते तेव्हा जेवायला गेले होते.

दांडी मोजली. नवी ५.७५ इंच असते, माझी ५.७२. एवढ्याशा झिजेनेही डायफ्रामची खेच कमी होते. नवी घातली.

जुन्या पंपाचं पोट फाटलेलं नव्हतं. फाटलं की पेट्रोल थेट ऑइलमध्ये उतरतं. डिपस्टिकला पेट्रोलचा वास आणि ऑइल पाण्यासारखं. तरीही ऑइल बदललं, मनाच्या समाधानासाठी.

२८ जुलै, रविवार

तीस सेकंदांत ५४० मिली, परतीची नळी बंद करून. चालू ठेवून ४९०. दाब ५.५. स्पेसर बसला, बॉनेट जेमतेम मिटतं, एअर फिल्टरचा बोल्ट अर्धा इंच कापावा लागला.

भर दुपारी चालवून आणली, बंद केली, पंधरा मिनिटं बॉनेट मिटून ठेवली. सेल्फ. दोन वळसे, चालू. पुन्हा पंचवीस मिनिटं. थोडं पॅडल दाबून चालू. पंपाला हात लावला. चटका बसतो, पण हात ठेवता येतो. बाबांना फोटो पाठवला.

महिनाभर उभी राहिल्यावरच्या लांबलचक सेल्फचा प्रश्न आहेच. मागे एक छोटा इलेक्ट्रिक, फक्त बटण दाबल्यावर चालणारा, असं बरेच जण करतात. डायफ्राम कधी फाटला तर तोच पंप ऑइलमध्ये पेट्रोल भरेल, म्हणून मन घेत नाही. सध्या टोमॅटो सॉसची धुतलेली चोचीची बाटली. कार्बच्या व्हेंटमधून दोन्ही बाजूंना थोडं थोडं पेट्रोल सोडायचं, बाटली लांब ठेवून मग सेल्फ. ही बाटली स्वयंपाकघरात परत येता कामा नये, असा घरात ठराव झालाय.

१० ऑगस्ट, शनिवार

लाल पंपाला घर मिळालं. मंडळातल्या मित्राने त्याच्या १९७२ च्या एल कॅमिनोत एलएस, म्हणजे जनरल मोटर्सचं नंतरच्या काळातलं व्ही-८ इंजिन टाकलंय आणि वर हट्टाने कार्बच ठेवलाय. एलएसच्या ब्लॉकवर मेकॅनिकल पंपाला जागाच नाही, त्यामुळे त्याच्यापुढे प्रश्न उरत नाही. ऑइलच्या दाबाचा स्विच विकत आणून दाखवल्याशिवाय खोकं देणार नाही म्हटलं. दुपारी घेऊन आला. दोघांनी मिळून रिलेची जोडणी केली. रिलेच्या ३० आणि ८७ नंबरच्या पिनांची त्याने अदलाबदल केली होती, ८५-८६ ची मी.

१७ ऑगस्ट, शनिवार

सकाळी साडेनऊला बर्मिंगहॅमपाशी वुडवर्डला लागलो. दक्षिणेला फर्नडेल, उत्तरेला पॉन्टिॲक. मधले सोळा मैल, आणि वेग चालणाऱ्या माणसाचा. पुढे ६८ ची रोड रनर, मागे कुणाची तरी निळी जीटीओ. रॉयल ओकच्या अलीकडे रांग पूर्ण थांबली. दहा मिनिटं, बारा मिनिटं. तापमानाचा काटा अर्ध्याच्या वर चढला. रोड रनर खोकली, दोन झटके, गप्प. तिच्या मालकाने उतरून बॉनेट उघडलं. नळीवर ओळीने सहा लाकडी चिमटे.

तेवढ्यात पुण्याहून व्हिडिओ कॉल, तिकडे संध्याकाळचे सात वाजून गेलेले. बाबांना मालिबूचा आयडल ऐकवला. त्यांनी डोळे मिटून ऐकला आणि म्हणाले, “पंचा ठेवलायस ना डिकीत?”

ठेवला होता. उतरून, पाण्याची बाटली ओतून, तो रोड रनरवाल्याला नेऊन दिला.